साबुदाण्याचा छोटा कारखाना : नफा कोठे, नुकसान कोठे?

मालेगाव-भिवंडीच्या व्यापारी बांधवांची टॅपिओकाशी ओळख दोन ठिकाणी होते, सायझिंगच्या कांजीत आणि किराणा दुकानातल्या साबुदाण्यात. कापडाच्या खरेदीसाठी इरोड-सेलमकडे आमचे जाणे-येणे असते, म्हणून हमखास विचारणा होते, "छोटा कारखाना टाकला तर परवडेल काय?" विचारणाऱ्याचे भांडवल बहुधा दागिने मोडून आलेले असते. तेव्हा उत्तर हिशेबानेच दिलेले बरे.

सेलममध्ये हा कारोबार दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या सुमारास सुरू झाला. मलायाकडचा माल येणे बंद झाले होते. पुढे 1981 साली कारखानदारांनी 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था काढली. माल तिच्या गोदामात येतो आणि नमुना पाहून व्यापारी बोली लावतात. महाराष्ट्र या मालाचे मोठे गिऱ्हाईक आहे. श्रावण आणि नवरात्रात मागणी चढते.

कंद सोलून, धुऊन किसतात. कीस पाण्याने गाळून दूध टाकीत निवळू देतात. खाली बसलेल्या ओल्या पिठाचे दाणे हलवून वळतात, ते तव्यावर भाजतात किंवा वाफवतात आणि उन्हात वाळवतात. हे काम शिकता येते. खरी मेख खरेदीत आहे.

कंदात निम्म्याहून जास्त पाणीच असते. 100 किलो कंदातून साधारण 20 ते 25 किलो माल निघतो. समजा, कंद 10 रुपये किलोने मिळाला. उतारा 25 किलो पडला तर किलोमागे कच्चा माल 40 रुपयांना पडतो, 20 किलो पडला तर 50 रुपयांना. यंत्र तेच, मजूर तेच, फरक 10 रुपयांचा! साबुदाण्याचा ठोक भाव 50 धरला तर दुसऱ्या कारखानदाराने वीज आणि मजुरी घरातूनच भरली म्हणायची. म्हणून तिकडे कंदाचा भाव स्टार्चच्या 'पॉइंट'वर ठरतो. पाण्यात वजन करून तो काढतात. नवखा माणूस नुसते वजन पाहून घेतो आणि येथेच बुडतो.

दुसरी गोष्ट, काढलेला कंद दोन-तीन दिवसांत खराब होऊ लागतो. त्यामुळे कारखाना शेताजवळच हवा. तमिळनाडूतून ट्रकने कंद आणून मालेगावात दळण्याचा विचार सोडून द्यावा. पाणीही भरपूर लागते, आणि वापरलेले पाणी आंबून दुर्गंधी सुटते. कंदातले सायनाइडही त्यात उतरते. ते ओढ्यात सोडले की तक्रारी आणि नोटिसा आल्याच. सेलमच्या काही कारखान्यांनी या पाण्यापासूनच गॅस काढून विजेचा खर्च वाचवला आहे, पण त्या प्लँटला भांडवल लागते. उरलेला चोथा, ज्याला तिकडे 'थिप्पी' म्हणतात, पशुखाद्यात विकला जातो. त्याचे चार पैसेही हिशेबात धरावेत.

मक्याचा स्टार्च मिसळून किंवा रसायनाने माल पांढरा करून भाव गाठणारेही आहेत. असा माल पकडला गेला की गिऱ्हाईक परत येत नाही.

थोड्या भांडवलाच्या माणसाने तयार साबुदाणा घेऊन पापड, चिवडा करावा. त्यात कंद सडण्याची भीती नाही. ज्याला कारखानाच टाकायचा असेल त्याने हंगामात आठ दिवस सेलमला राहावे आणि यंत्रे पाहण्याआधी वजनकाट्याजवळ बसावे.