जुना अ‍ॅनालॉग पॉलिसिंथ घेताय? आधी त्याचे सगळे आवाज मोजा

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल अशांसाठी त्याचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर तोच.

महिन्या-दोन महिन्यांनी मला एक तरी मेसेज येतो. "दादा, ज्युनो-१०६ मिळतोय. फोटोत तर मस्त दिसतोय. घेऊ का?" कधी ज्युनोच्या जागी पॉलिसिक्स असतो, कधी प्रॉफेट-५. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं पैसे साठवलेले असतात. म्हणून "घे रे, आवाज भारी आहे" असं उत्तर मी देत नाही. आवाज भारी असतो, त्याबद्दल वादच नाही. पण चाळीस वर्षांच्या वाद्यात आवाजासोबत चाळीस वर्षंही विकत घ्यावी लागतात. ती वर्षं कशी ओळखायची आणि घेतल्यानंतर कशी सांभाळायची, याबद्दल आज बोलू.

आधी 'पॉली' म्हणजे काय ते बघू

१९७० साली आलेला मिनिमूग एका वेळी एकच स्वर वाजवतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी आवाज एकच. कारण आत सर्किट एकच आहे: सूर निर्माण करणारे ऑसिलेटर, त्या सुराची धार कमीजास्त करणारा फिल्टर, आणि आवाज उघडझाप करणारा अ‍ॅम्प्लिफायर. कॉर्ड वाजवायची असेल तर हे सगळं सर्किट पुन्हा पुन्हा बनवावं लागतं. अशा प्रत्येक प्रतीला म्हणायचं 'व्हॉइस', म्हणजे एक आवाज.

१९७८ साली अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-५ आला. डेव्ह स्मिथ यांच्या या वाद्यात पाच आवाज होते, आणि कोणती पट्टी कोणत्या आवाजाला द्यायची हे एक मायक्रोप्रोसेसर ठरवत होता. बटणांच्या जागा लक्षात ठेवणारी मेमरीही त्यात होती. १९८१ मध्ये कोर्गचा सहा आवाजांचा पॉलिसिक्स आणि रोलंडचा आठ आवाजांचा ज्युपिटर-८ आला. १९८४ मध्ये रोलंडचा ज्युनो-१०६ आला. त्यात सहा आवाज, १२८ पॅचेस आणि मिडी.

ज्युपिटर-८ चं मुंबईशी एक पक्कं नातं आहे. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट' हा अल्बम केला, तो ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या रोलंडच्या तीन यंत्रांवर. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरच्या लोकांनी कान टवकारले. त्यामुळे 'ही वाद्यं आपली नाहीत' असं कुणी म्हणालं तर त्यांना हा अल्बम ऐकवा.

एका खोक्यात सहा वाद्यं

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. सहा आवाजांचा अ‍ॅनालॉग सिंथ म्हणजे एका खोक्यात बसवलेली सहा वेगवेगळी वाद्यं. ती एकाच दिवशी बनली, पण म्हातारी मात्र आपापल्या गतीने होतात.

कोरसमध्ये सहा गायक आहेत आणि एकाचा घसा बसलाय अशी कल्पना करा. सगळे एकदम गातात तेव्हा ते चटकन कळत नाही. पण हे गायक पाळीपाळीने एकेक स्वर घेतात. म्हणून घसा बसलेला गायक दर सहाव्या स्वराला उघडा पडतो. विकणारे "कधी कधी जरा खरखर येते, पुसलं की जाते" असं सांगतात ना, त्या 'कधी कधी'चं कारण बहुतेक वेळा हेच असतं. खरखर अधूनमधून येत नसते. एक आवाज पूर्ण आजारी असतो आणि त्याची पाळी अधूनमधून येत असते.

याच वेगळेपणात या वाद्यांची गोडीही आहे, हे विसरू नका. सहा सर्किटं अगदी तंतोतंत सारखी कधीच नसतात. एकाचा फिल्टर केसभर जास्त उघडतो, दुसऱ्याचा सूर किंचित सरकलेला असतो. त्यामुळे कॉर्ड जिवंत वाटते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी यंत्राने लावल्यासारख्या जुळल्या तर ती मजा येणार नाही, तसंच. आपल्याला फक्त गोड फरक कोणता आणि आजार कोणता, एवढं ओळखायचं आहे.

तंबोऱ्यावरून आठवलं. प्रॉफेट-५ किंवा ज्युपिटर-८ मध्ये व्हीसीओ प्रकारचे ऑसिलेटर आहेत. तापमान बदललं की त्यांचा सूर सरकतो. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्यावं लागतं, मग ट्यून करायचं. हे झालं तंबोऱ्यासारखं. ज्युनो-१०६ मध्ये डीसीओ आहेत. तिथे लहर अ‍ॅनालॉगच असते, पण तिची वेळ डिजिटल घड्याळ सांभाळतं, म्हणून सूर हलत नाही. हे पेटीसारखं. पहिल्यांदाच जुना सिंथ घेणार असाल तर पेटीवाला स्वभाव जास्त सोपा जातो.

कोणाचं कुठे दुखतं

प्रत्येक मॉडेलचं एक ठरलेलं दुखणं असतं. ते माहीत असेल तर निम्मं काम होतं.

ज्युनो-१०६ चं दुखणं म्हणजे ८००१७ए नावाचे सहा मॉड्यूल. प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर एका छोट्या पट्टीवर बसवून वरून काळा राळेसारखा लेप दिलेला आहे. काळानुसार त्या लेपामुळे आत विजेची गळती होऊ लागते. मग तो आवाज खरखरतो, फुटतो, किंवा पट्टी सोडली तरी बंदच होत नाही. उपाय दोन आहेत. मॉड्यूल काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचे, लेप मऊ झाला की सोलून काढायचा आणि परत बसवायचे. नाहीतर आता नव्याने बनणारे पर्यायी मॉड्यूल लावायचे. आवाज न ऐकता फक्त एवढं विचारलं तरी चालेल: "सहाही मॉड्यूल बदललेत का? कधी? कोणी?" ज्याने काम करून घेतलंय तो उत्साहाने सांगतो.

पॉलिसिक्सचं दुखणं बॅटरीत आहे. मेमरी टिकवायला आत एक रिचार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी आहे, केएलएम-३६७ नावाच्या बोर्डवर. ती गळते आणि बोर्डवरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. बाहेरून वाद्य चकाचक असेल, आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय. म्हणून पॉलिसिक्स घेताना आतला फोटो मागायचाच. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

प्रॉफेट-५ च्या बाबतीत आवृत्ती विचारा. पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चिप आहेत, तिसरीत कर्टिसच्या सीईएम. तिसरीतली सीईएम-३३४० ही ऑसिलेटर चिप २०१६ पासून पुन्हा बनते, शिवाय तिच्या नकलाही मिळतात. म्हणजे तो भाग गेला तरी रस्ता आहे. एखादा जुना सिंथ निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: याच्या आतली चिप आज कुठे मिळते का? मिळत नसेल तर ते वाद्य कितीही गाजलेलं असो, तुम्ही एका बंद पडू शकणाऱ्या गोष्टीत पैसे घालताय.

बघायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." थंड वाद्य बघायचं, आणि अर्ध्या तासाने तापलेलंही बघायचं. काही दोष फक्त थंडपणी दिसतात, काही तापल्यावर. चांगला हेडफोन घेऊन जा. मग या क्रमाने:

१. कोरस बंद करा. ज्युनोचा कोरस इतका देखणा आहे की तो अर्धे दोष झाकतो. सुरू केल्यावर त्याची थोडी सुसू येते, ती मात्र जन्मजात आहे, तिला घाबरू नका.

२. फिल्टर पूर्ण उघडा, सस्टेन वर ठेवा आणि एकच पट्टी सावकाश बारा वेळा दाबा. सहा आवाज दोनदा फिरतील. एखादा बारीक, फुटका किंवा गप्प आहे का ते ऐका. ज्युनो-१०६ मध्ये 'की ट्रान्स्पोज' बटण दाबून धरून वाद्य सुरू केलं की टेस्ट मोड लागतो आणि कोणता आवाज वाजतोय त्याचा क्रमांक डिस्प्लेवर दिसतो. कागदावर लिहून घ्या.

३. आता फिल्टर हळूहळू मिटवत जा आणि पुन्हा तेच करा. सगळे सारखे मिटले पाहिजेत. रेझोनन्स शेवटपर्यंत वाढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी घालतो. सहाही शिट्ट्या साधारण एका सुरात हव्यात.

४. हात काढून घ्या आणि शांतता ऐका. मागे कुणी गुणगुणत राहिलंय का?

५. प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्लायडर, प्रत्येक बटण, बेंडर. स्लायडर खरखरत असेल तर तो साफ होऊ शकतो, त्यावरून व्यवहार मोडू नका. पण किंमत कमी करा.

६. एक पॅच साठवा, वाद्य बंद करा, पाच मिनिटांनी सुरू करा. पॅच गायब असेल तर मेमरीची बॅटरी संपली आहे. काम छोटं आहे, पण ते आधी माहीत असावं.

हे सगळं करताना विकणारा वैतागला तरी चालेल. "व्यवस्थित चालतो" या दोन शब्दांपेक्षा तुमचा कागद जास्त खरा आहे.

बाहेरून मागवत असाल तर

आपल्याकडे अशी वाद्यं कमीच विक्रीला येतात, म्हणून लोक जपान-अमेरिकेकडे बघतात. तिथे तीन गोष्टी.

पहिली, वीज. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. जपानी वाद्य थेट आपल्या सॉकेटला लावलं तर फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर आतला पॉवर सप्लाय जातो. मागच्या बाजूला व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते वाचा आणि त्याच व्होल्टेजचा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. बाजारात मिळतो तो बहुतेक ११० व्होल्टचा. १०० च्या वाद्याला १०० चाच मागा.

दुसरी, पॅकिंग. ज्युनो-१०६ साधारण दहा किलोचा आहे. खोक्यात खोकं, आणि स्लायडरांवर वजन येणार नाही अशी जागा, एवढं लिहून मागा.

तिसरी, कस्टम. ड्युटी फक्त वाद्याच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी. म्हणजे महाग कुरिअर दोनदा महाग पडतं. हिशेब आधी करा, पार्सल अडकल्यावर नको.

घरी आणल्यावर

या वाद्यांचा आपल्याकडचा शत्रू म्हणजे पावसाळा. मुंबई-कोकणात तर विचारूच नका. स्लायडर आणि कॉन्टॅक्ट दमट हवेत खराब होतात. कव्हर घाला, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते. भिंतीला चिकटून ठेवू नका. आणि मुख्य म्हणजे वाजवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास सुरू ठेवून सगळे स्लायडर खालीवर केले तरी खूप फरक पडतो. कपाटात जपून ठेवलेला सिंथ रोज वाजणाऱ्या सिंथपेक्षा लवकर आजारी पडतो.

बॅटरी गळण्याआधी बदलून घ्या. आधी सगळे पॅच उतरवून ठेवा. ज्युनो-१०६ ला त्यासाठी टेप इंटरफेस आहे, ते आवाजाच्या फाइलसारखे रेकॉर्ड होतात. आणि झाकण स्वतः उघडणार असाल तर प्लग काढा, तरी पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते.

दुरुस्ती करणारा माणूस वाद्य घेण्याआधी शोधा. सिंथचाच जाणकार हवा असं नाही. जुने अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर दुरुस्त करणारा, सर्किटचा नकाशा वाचू शकणारा आणि सोल्डरिंगचा हात साफ असलेला माणूस पुरेसा असतो. या गाजलेल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल उपलब्ध आहेत. ते छापून त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, "जमेल का?"

मग घ्यायचा का?

फक्त तो आवाज गाण्यात हवा असेल तर नका घेऊ. सॉफ्टवेअर आहे, नवे अ‍ॅनालॉग सिंथ आहेत, खुद्द प्रॉफेट-५ सुद्धा २०२० मध्ये नव्याने निघाला. मिक्समध्ये ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही, आणि तुमचं रेकॉर्डिंग ऐन वेळी अडणार नाही.

पण ज्यांना वाद्य हाताखाली हवं आहे, त्याचं रुसणं-फुगणं सांभाळायची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्या. माझा हिशेब साधा आहे. जेवढे पैसे साठलेत त्यातले तीन चतुर्थांश वाद्याला, उरलेले दुरुस्तीसाठी बाजूला. तेवढ्यात बसत नसेल तर खालचं मॉडेल बघा, किंवा सहा महिने थांबा. सहाही आवाज धडधाकट असलेला साधा सिंथ, दोन आवाज गेलेल्या नामांकित सिंथपेक्षा रोज जास्त आनंद देतो.

आणि पुढचा मेसेज पाठवाल तेव्हा फोटो नका पाठवू. एकच पट्टी बारा वेळा दाबलेली क्लिप पाठवा, कोरस बंद करून. मग बोलू. भेटूया पुढच्या भागात!