निरोगी माणसासाठी यंत्र

काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या आरोग्य शिबिराला आम्ही गेलो होतो. तास संपवून एक बाई जिने चढून लगबगीने आल्या. कुणीतरी त्यांच्या बाहीवरूनच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. हात तसाच खाली सोडलेला. यंत्राने वरचा आकडा दाखवला 152. बाईंचा चेहरा उतरला. आम्ही त्यांना पाच मिनिटे शांत बसवले, बाही वर सारली, हात टेबलावर ठेवला आणि पुन्हा मोजले. आता आकडा आला 132. बाई त्याच, यंत्रही तेच. मग हे 20 गेले कुठे?

आकडा होता, उपाय नव्हता

दंडाला पट्टा बांधण्याची युक्ती 1896 सालची, इटलीतल्या रिव्हा-रोची या डॉक्टरांची. पट्ट्यात हवा भरत गेले की दंडातली धमनी दाबली जाते आणि मनगटावरची नाडी लागेनाशी होते. त्या क्षणी पट्ट्यातला दाब पाऱ्याच्या स्तंभावर वाचायचा. तोच वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब. पाराच का? तो पाण्याच्या 13.6 पट जड आहे. पाणी वापरले असते तर 120 मिलिमीटरऐवजी 1.6 मीटरहून उंच नळी बाळगावी लागली असती! पुढे 1905 मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. हवा सोडताना ठोके ऐकू येऊ लागतात आणि काही वेळाने नाहीसे होतात. त्यावरून खालचा आकडाही कळू लागला.

आकडा मिळाला, पण त्याचे करायचे काय? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 नोंदला गेला. तो वाढलेला आहे हे डॉक्टरांना वर्षभर आधीपासून माहीत होते. हाती गुणकारी औषध मात्र नव्हते.

चित्र पालटले ते नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत. 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी हजारो प्रौढांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. वाढलेल्या रक्तदाबाचा हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. औषधाने रक्तदाब उतरवला तर हे धोके टळतात, हेही 1967 पासून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवून दिले.

पण उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. ज्याला काहीच होत नाही, तो डॉक्टरांकडे कशाला जाईल? म्हणजे मोजणीनेच माणसाच्या दारी जायला हवे. आणि इथे यंत्र घडवणाऱ्यांपुढे नवाच प्रश्न उभा राहतो.

पस्तीस गुणांची रेघ

समजा, पेपर तपासताना पाच गुणांची चूक झाली. 80 गुणांचा मुलगा पास तो पासच. 10 गुणांचा नापास तो नापासच. अन्याय होतो तो 33 आणि 37 वाल्यांवर. रक्तदाबाचेही असेच आहे. ज्याचा रक्तदाब 200 आहे त्याच्या बाबतीत 10 मिलिमीटरची चूक झाली तरी उपचार ठरलेलेच. पण साऱ्या गावाची तपासणी करायची झाली तर 140 या रेघेच्या आसपास पुष्कळ माणसे सापडतात. त्यांच्यापैकी काही जण लहानशा चुकीने विनाकारण औषधे घेऊ लागतील, तर काही खरे गरजू हसतमुखाने घरी परत जातील.

थोडक्यात, आजाऱ्यासाठी चालून गेलेली चूक निरोग्यासाठी चालत नाही. शिवाय इथे यंत्र हाताळणारा डॉक्टर नसतो. कधी आरोग्यसेविका असते, कधी घरातले आजोबा. म्हणून जे कसब पूर्वी डॉक्टरांच्या कानात होते ते यंत्रातच घालावे लागते.

घरगुती इलेक्ट्रॉनिक यंत्र हेच करते. पट्ट्यातला दाब उतरत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्याने आतली हवा किंचित थरथरते. ही कंपने आधी वाढतात, मग मंदावतात. सर्वांत मोठे कंपन सरासरी दाबाच्या जवळ येते. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून सूत्राने काढलेला अंदाज असतो. हे सूत्र उत्पादक सहसा उघड करत नाहीत. म्हणूनच यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. 2018 च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार किमान 85 व्यक्तींवर यंत्राचे आकडे प्रशिक्षित निरीक्षकांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. सरासरी फरक 5 मिलिमीटरहून जास्त चालत नाही. यंत्र विकत घेताना किमतीबरोबर ही परीक्षाही विचारावी.

पट्टाही तितकाच महत्त्वाचा. हाताच्या घेराच्या मानाने तो लहान असला तर आकडा जास्त येतो. म्हणून अनेक पट्ट्यांवर घेराच्या मर्यादा आणि धमनीची खूण छापलेली असते.

हरवलेले 20

आता बाईंकडे वळू. पट्टा हृदयाच्या 10 सेंटिमीटर खाली असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब आकड्यात मिळवला जातो. रक्त पाण्याच्या सुमारे 1.06 पट जड. म्हणून 100 गुणिले 1.06, भागिले 13.6, म्हणजे जवळजवळ 8 मिलिमीटर. उरलेला फरक जिन्याचा, बाहीचा आणि घाईचा.

हा प्रयोग शिक्षक-खोलीत करून पाहण्याजोगा आहे. स्वस्थ बसलेल्या एका सहकाऱ्याचा पट्टा बांधलेला हात हृदयाच्या पातळीत, मग 10 सेंटिमीटर वर आणि 10 सेंटिमीटर खाली ठेवून प्रत्येकी तीनदा मोजा. विद्यार्थ्यांना आधी गणित करून अंदाज लिहायला सांगा. दाब म्हणजे काय, हे ती मुले सहसा विसरणार नाहीत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 15 वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी 21.3 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होते. म्हणजे दर चार-पाच जणांमागे एक.

बाईंना आम्ही सांगितले, एका आकड्यावरून घाबरू नका. पण 132 हाही निर्धास्त होण्याचा आकडा नव्हे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नीट बसून मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लगेच पर्समधून वही काढली.