नव्या घराचा नळ आणि जुन्या घराची पाणीपट्टी

गाव वाढू लागले, की नवी घरे आधी दिसतात आणि त्यांना लागणारे पाणी मागाहून आठवते. पन्नास घरांसाठी घातलेली वाहिनी शंभर घरांस पुरेनाशी होते; गटाराचेही तेच. मग नवी टाकी, मोठ्या वाहिन्या, सांडपाणी शुद्ध करणारे वाढीव केंद्र हे सारे उभारणे भाग पडते. त्याचा पैसा कोणी द्यावा? ज्यांच्या घरी नळ पूर्वीपासून वाहत आहे त्यांनी वाढीव पाणीपट्टीतून, की आज जोडणी मागण्यास आलेल्यांनी? शहरालगतच्या आपल्या गावांच्याही दाराशी हा प्रश्न आज ना उद्या येणार. म्हणून दूरदेशी त्याची वाट कशी लागली, ते वाचकांपुढे ठेवावेसे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर डनीडिन नावाचे एक लहान शहर आहे. (एडिंबरोच्या जुन्या गेलिक नावावरून हे नाव पडले.) तेथील नगरपालिकेने पाणी व मलनिस्सारण यांच्या नव्या जोडणीचे शुल्क, प्रत्यक्ष नळ जोडून देण्यास लागणाऱ्या खर्चाच्या कितीतरी वर नेले. वरची रक्कम विस्तारासाठी भांडवल म्हणून हवी होती. घरे बांधणाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की हे शुल्क नसून कर आहे, आणि तो बसविण्याचा अधिकार नगरपालिकेस नाही.

1976 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विस्तार खरोखर आवश्यक असेल, तर त्याच्या अपेक्षित खर्चातील आपला प्रमाणशीर वाटा नव्या ग्राहकाने देणे न्याय्य आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि ही रक्कम केवळ विस्तारासाठीच खर्च होईल, असे बंधन डनीडिनच्या नियमात लिहिलेले नव्हते; तेवढ्यावरून तो नियम रद्द ठरला.

आमच्या मते सारे मर्म त्या न लिहिलेल्या ओळीत आहे. लेकाने गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आणि जोडणीसाठी मोठी रक्कम भरली. ती रक्कम सर्वसाधारण तिजोरीत मिसळली, की जुन्या आळीतील फुटक्या वाहिनीची दुरुस्ती तिच्यातून होणार; आणि त्याच दुरुस्तीसाठी तो पुढे दरमहा पाणीपट्टीही भरणार! एकाच कामाचे दाम दोनदा.

वाटा मोजावा कसा, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मीटरच्या आकारावरून तो ठरतो. तेथील प्रचलित मानाप्रमाणे पाऊण इंची मीटरमधून मिनिटास 30 गॅलन पाणी जाऊ शकते, दोन इंची मीटरमधून 160. तेव्हा दोन इंची मीटर घेणाऱ्या उपाहारगृहाने साध्या घराच्या पाचपटीहून अधिक द्यावे, हे सरळ आहे. पण घरामागे एकच दर ठेवला, तर दोन खोल्यांचे घर आणि बागबगीचा असलेला बंगला एकाच मापाने मोजले जातात. हे आम्हांस पटत नाही.

नगरपालिकेपुढेही एक धोका असतो. जलकेंद्र आधी कर्ज काढून बांधावे लागते आणि शुल्क मागाहून, घरे उभी राहतील तसे येते. 2008 च्या सुमारास फ्लॉरिडात घरबांधणी एकाएकी थंडावली. अशा वेळी कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत आणि अखेर जुन्या ग्राहकांच्याच माथी येतात. म्हणून शुल्क वाढविताना किती घरे होतील याचा अंदाज फुगवून धरू नये.

टेक्सास राज्याने 1987 साली या बाबतीत कायदाच केला. विस्ताराच्या कामांची यादी आधी तयार करावयाची, निदान दर पाच वर्षांनी ती तपासावयाची; जुन्या कामांच्या दुरुस्तीस वा देखभालीस या पैशाला हात लावावयाचा नाही. भरलेली रक्कम दहा वर्षांत ठरल्या कामी खर्च झाली नाही, तर ती व्याजासह परत द्यावी लागते, आणि तीही बहुधा मूळ भरणाऱ्या बांधकाम व्यावसायिकास नव्हे, तर त्या दिवशी ज्याच्या नावावर मालमत्ता असेल त्या मालकास.