अकोटचे नरसिंग, गोव्याचा जुवांव

अकोटच्या संतपुरुषाचे नाव नरसिंग महाराज. मूळ संस्कृत शब्द नरसिंह. पण ‘नरसिंग’ म्हणताना वऱ्हाडात कुणालाही काही चुकल्यासारखे वाटत नाही. सातासमुद्रापलीकडून आलेल्या नावांनाही लोकांच्या जिभेने असेच वळवून घेतले.

‘योहानान’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘परमेश्वर कृपाळू आहे’. ग्रीक व लॅटिनमार्गे ते युरोपभर गेले आणि इंग्लंडात जॉन, स्पेनमध्ये हुआन, रशियात इव्हान, पोर्तुगालमध्ये झुआंव झाले. मराठी बायबलने ग्रीक रूपाला जवळचा ‘योहान’ स्वीकारला. गोव्यात मात्र १५१० ते १९६१ अशी साडेचार शतके पोर्तुगीज सत्ता होती. तेथे ‘जुवांव’ रुजला. शेवटचा अनुनासिक उच्चार कोकणी जिभेला मुळीच जड गेला नाही.

‘कायतान’ हे नाव त्याहून विरळ. इटलीतील गाएता या समुद्रकाठच्या गावाचा तो गाएतानो, म्हणजे आपल्याकडील ‘अकोटकर’च म्हणा ना! १५४७ मध्ये निवर्तलेल्या याच नावाच्या संतामुळे ते कॅथलिक देशांत पसरले. स्पेनमध्ये त्याचे कायेतानो झाले, पोर्तुगालमध्ये काएतानो आणि गोव्यात कायतान.

हा केवळ उच्चाराचा गमतीदार खेळ नव्हे. बाप्तिस्म्याच्या पोर्तुगीज नोंदीतील झुआंव, घरातला जुवांव आणि इंग्रजी दाखल्यातला जॉन ही एकच व्यक्ती असू शकते. हे ध्यानात न घेता वंशावळ किंवा वारसाहक्काचे कागद धुंडाळू लागणाऱ्याच्या हाती एका पणजोबांऐवजी तीन पणजोबा लागतात.