‘गेरसप्पा’ची जलसमाधी

शरावती नदीवरील जोगचा धबधबा मराठी श्रोत्यांना गिरसप्पा या नावाने परिचित आहे. त्याच धबधब्याचे नाव धारण करणारे ‘गेरसप्पा’ हे मालवाहू जहाज इंग्लंडमध्ये १९१९ साली बांधले गेले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या ताफ्यातील हे जहाज वीस वर्षे मालाची ने-आण करीत होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनसाठी सामग्री वाहू लागले.

१९४० च्या डिसेंबरात ‘गेरसप्पा’ कलकत्त्याहून निघाले. कच्चे लोखंड, चहा, चांदीच्या विटा आणि टपालाच्या थैल्या, असा हा माल होता. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन येथे ते इतर जहाजांच्या काफिल्यात सामील झाले. जर्मन पाणबुड्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्या काळी जहाजे अशी एकत्र जात. काफिल्याचा हा आधार ‘गेरसप्पा’ला अखेरपर्यंत लाभला नाही, आणि त्याचे कारण होते कोळसा. वाफेच्या जहाजाला उलट्या वाऱ्यात व उंच लाटांत पुढे जाण्यास कितीतरी अधिक कोळसा जाळावा लागतो. साठा संपत आल्याने १४ फेब्रुवारी १९४१ रोजी कप्तानाने काफिला सोडला आणि आयर्लंडमधील गॉलवे बंदराची वाट धरली. दोन दिवसांनी एका जर्मन विमानाने एकाकी जहाज हेरले. त्यानंतर काही तासांतच रात्रीच्या काळोखात ‘यू-१०१’ या पाणबुडीचा टॉर्पेडो त्यावर आदळला. अवघ्या वीस मिनिटांत जहाज बुडाले.

दुसरे अधिकारी रिचर्ड एअर्स यांच्या होडीत तीसएक माणसे होती. त्यांत बहुसंख्य हिंदी खलाशी होते. कडाक्याची थंडी आणि पिण्याच्या पाण्याचा तुटवडा यांनी एकेक जण दगावत गेला. तेराव्या दिवशी कॉर्नवॉलचा किनारा दिसला, तोच लाटांनी होडी उलथली. जहाजावरील ८६ जणांपैकी एकटे एअर्स वाचले.

पुढे सत्तर वर्षे ‘गेरसप्पा’ सुमारे ४,७०० मीटर खोल तळाशी पडून होते. २०११ साली एका अमेरिकन कंपनीने त्याचा शोध लावला. विम्याची भरपाई युद्धकाळीच ब्रिटिश सरकारने दिलेली असल्यामुळे चांदीवर हक्क सरकारचा होता. म्हणून सरकारशी करार करून २०१२ व २०१३ साली यंत्रांच्या साहाय्याने २,७९२ विटा वर काढण्यात आल्या. त्यांचे वजन सुमारे ११० टन भरले. चांदीबरोबर सातशेहून अधिक पत्रेही हाती आली. प्रकाश व प्राणवायू यांचा स्पर्श न झाल्याने कागदावरील अक्षरे शाबूत राहिली होती. २०१८ साली लंडनच्या टपाल संग्रहालयात ती लोकांना पाहावयास मिळाली.

चांदीची मोजदाद विटागणिक झाली. खलाशांचा हिशेब मात्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील नोकरवर्गाचा मोठा हिस्सा हिंदी होता. भट्टीत कोळसा लोटणारे आगवाले बहुधा तेच असत. कामी आलेल्या हिंदी व्यापारी खलाशांपैकी जवळजवळ सहा हजारांची नावे दोन एकसारख्या स्मृतिग्रंथांत लिहिलेली आहेत. एक ग्रंथ मुंबईच्या खलाशीगृहासाठी तयार झाला, दुसरा चितगावच्या युद्धस्मशानासाठी. समुद्रात गेलेल्या या माणसांना थडगी नाहीत. त्यांच्या घरच्यांना बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा म्हणजे त्या ग्रंथांतील एक ओळ.