एकास पस्तीस: छोटी जीप जोडावी कशी आणि पारखावी कशी



आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी प्लास्टिकच्या मॉडेलचा एखादा खोका येऊन पडलेला असतो. वाढदिवसाला कोणी काका रणगाडा देतात, मूल तो एका दुपारी भराभर चिकटवते आणि आठवड्याभरात तोफेची नळी सोफ्याखाली सापडते. खरे तर हा छंद सावकाश करण्याचा आहे. त्यात गणित आहे, थोडे रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे, आणि मराठी शब्दही भरपूर आहेत.

ताईंनी या विषयावर लिहायला सांगितले तेव्हा दोन पालकांनी लगेच विचारले, "युद्धाची वाहने मुलांच्या हातात कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याकडे मी शेवटी येतो, कारण त्याचे उत्तर मॉडेल जोडल्याशिवाय नीट समजत नाही. उदाहरणासाठी रणगाडा न घेता साधी जीप घेऊ.

१/३५ म्हणजे काय?

खोक्यावर १/३५ लिहिलेले असते. याचा अर्थ, खऱ्या वाहनावरचे ३५ मिलिमीटर म्हणजे मॉडेलवरचा १ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप सुमारे ३३३० मि.मी. लांब आणि १५७५ मि.मी. रुंद होती. ३५ ने भागा: लांबी ९५ मि.मी., रुंदी ४५ मि.मी. म्हणजे ती तुमच्या तळहातावर आरामात मावेल. पाच फूट आठ इंच उंचीचा सैनिक या प्रमाणात जेमतेम ५ सेंटिमीटरचा होतो.

३५ हा आकडा विचित्र वाटतो ना? १/७२ आणि १/४८ समजण्यासारखे आहेत. ते फूट आणि इंचांतून आले: एका इंचात सहा फूट बसवले की १/७२, आणि पाव इंचात एक फूट बसवला की १/४८. १/३५ ची गोष्ट निराळी आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले. ते मोटरवर चालणारे होते, म्हणून आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला. मॉडेल खूप खपले. पुढचे रणगाडेही त्याच प्रमाणात काढावेत म्हणून मोजले, तर ते सुमारे १/३५ निघाले! बॅटरीच्या मापावरून ठरलेले प्रमाण आज जगभरातल्या कंपन्या वापरतात.

मोजून केलेल्या मॉडेलला एकेकाळी फार गंभीर काम होते. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ प्रमाणात विमानांची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली होती. आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे, म्हणून. पंख चुकीचा झाला तर ओळख चुकणार, म्हणून मॉडेल्स तपासून घेतली जात.

जीपची थोडी ओळख

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना एक हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी करून मागितली. पेन्सिल्व्हेनियातल्या बँटम या लहान कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी हजर केली. मात्र हजारोंनी गाड्या बनवण्याचे काम मोठ्या कारखान्यांकडे, म्हणजे विलीज आणि फोर्डकडे गेले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. दोघांचे सुटे भाग एकमेकांच्या गाडीला बसत.

ओळखण्याच्या खुणा लक्षात ठेवा. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असत. अगदी सुरुवातीच्या विलीज गाड्यांना मात्र पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. १९४५ पासून निघालेल्या नागरी जीपला सातच फटी. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा होता. फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा. हेडलाइट बिजागरीवर मागे उलटवता येत, म्हणजे रात्री त्यांच्याच उजेडात इंजिन दुरुस्त करता येई.

आपल्या बाबांना किंवा आजोबांना आठवते ती महिंद्रची जीप. महिंद्रने मुंबईत आधी विलीजचे सुटे भाग आणून गाड्या जोडल्या आणि मग इथेच बनवल्या. पुढे महाराष्ट्राच्या गावोगावी सरकारी कचेऱ्यांसमोर उभी दिसे ती सीजे-३बी, उंच बॉनेटची आणि सात फटींची. तिचे इंजिन उंच होते, म्हणून बॉनेट उंच. आजोबांना फोन करा आणि विचारा, त्यांना फटी आठवतात का!

खोका उघडल्यावर

आत प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना सुटे भाग लटकलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. हे भाग कसे बनतात ते मोदकाच्या साच्यावरून समजते. साच्याचे दोन अर्धे मिटतात आणि आत उकड भरतो. इथे साचा पोलादी असतो आणि आत पॉलिस्टायरीन नावाचे वितळलेले प्लास्टिक मोठ्या दाबाने शिरते. ते थंड झाले की साचा उघडतो. खोक्यातल्या भागांवर जे दोष दिसतात, त्यांचे मूळ या साच्यातच असते.

शिवण: साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उमटते. मोदकावरही उमटते. ती प्रत्येक किटमध्ये असते आणि घासून काढायची असते.

पापुद्रा: साचा झिजला किंवा नीट मिटला नाही की फटीतून प्लास्टिक बाहेर येते आणि कडेला पातळ पापुद्रा राहतो.

गोल खड्डे: थंड झालेला भाग साच्यातून ढकलण्यासाठी खिळे असतात, त्यांचे हे ठसे. चांगला कारागीर ते खिळे अशा बाजूला ठेवतो की ठसे जोडणीनंतर दिसत नाहीत.

खळगा: भाग जाड असेल तर आतले प्लास्टिक उशिरा थंड होते आणि आकसते. मग पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगा पडतो.

पालकहो, मराठीतले शिवण, पापुद्रा, खळगा, फट, सांधा, कड, पोचा, खाच हे शब्द पाठ करून लक्षात राहत नाहीत. बोटाला खळगा लागला आणि त्याच वेळी कानावर "खळगा" पडला, की तो शब्द कायमचा बसतो. आमच्या घरी काम करताना मराठीतच बोलायचे असा नियम आहे.

जोडणी

लागणारे सामान थोडे आहे: भाग कापायचा बारीक कटर, चिमटा, लहान कानस, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, मॉडेलचे सिमेंट, ब्रश आणि पाण्यात विरघळणारे अॅक्रिलिक रंग. धारदार पाते मोठ्यांच्या हातात असावे, खिडकी उघडी असावी आणि घरात रांगते बाळ असेल तर बारीक भाग टेबलाच्या मधोमध ठेवावेत.

मॉडेलचे सिमेंट हा गोंद नव्हे. त्यातले द्रावक प्लास्टिकला किंचित विरघळवते, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जाते आणि सांधा एकजीव होतो. एका अर्थी ते वेल्डिंगच आहे. म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. पहिली, सांध्यावर रंग असेल तर तो आधी खरवडायचा, कारण सिमेंट रंगाला नव्हे, प्लास्टिकला धरते. दुसरी, पातळ सिमेंट भसाभस ओतायचे नाही. भाग जुळवून धरा आणि ब्रशचे टोक फटीला लावा. केशाकर्षणाने ते आपोआप फटीत धावते. जास्त झाले तर बाहेर येऊन पृष्ठभाग खाऊन टाकते.

प्रत्येक भाग चिकटवण्याआधी एकदा कोरडाच बसवून पाहावा. राहिलेल्या फटीत लांबी भरावी, वाळू द्यावी आणि घासावी, सुतार दरवाजाला करतात तसेच. खालची बाजू, सीटा आणि चाके वेगवेगळी रंगवावीत. जीपचा रंग हिरवट तपकिरी असतो, पण डबीतला रंग जसाच्या तसा लावला तर छोटे मॉडेल फार काळपट दिसते. त्यात थोडा फिका रंग मिसळावा. लांबचा डोंगर जवळच्या झाडीपेक्षा फिका दिसतो ना, तसेच हे. शेवटी तारा आणि नंबरांची चित्रे कोमट पाण्यात भिजवून सरकवत लावायची.

परीक्षण कसे लिहावे?

या छंदात किट जोडल्यावर त्याचे परीक्षण लिहिण्याची जुनी प्रथा आहे. ते वाचून दुसरा माणूस पैसे खर्च करतो, म्हणून ते प्रामाणिक असावे लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले कामावर रोज दोषांच्या नोंदी वाचतो. "चालत नाही" एवढेच लिहिलेल्या नोंदीचा काही उपयोग नसतो. कुठल्या पायरीला, काय केल्यावर, काय झाले, हे हवे. किटच्या परीक्षणाचेही तसेच आहे.

१. काय केले ते आधी सांगा. नुसता खोका उघडून पाहिला की पूर्ण जोडले? खोक्यात सुरेख दिसणारे भाग कधीकधी एकमेकांना बसत नाहीत.

२. किट विकत घेतले की भेट मिळाले, ते सांगा.

३. मोजा, आणि कशाशी ताडून पाहिले ते लिहा. ज्याने फक्त महिंद्रची जीप पाहिली आहे तो म्हणेल, "नऊ फटी? चूक आहे!" त्याचे मोजणे बरोबर, पण ताडायला घेतलेली गाडी दुसरी.

४. "चूक आहे" आणि "मला आवडले नाही" ही दोन वाक्ये वेगळी ठेवा.

५. दोष सांगितला की उपायही सांगा.

आमच्या दहा वर्षांच्या लेकीने लिहिलेले परीक्षण खाली जसेच्या तसे देतो. तिचे पहिले परीक्षण "किट छान आहे" एवढेच होते. मग मी तिला पट्टी दिली.

"ही जीप मी आणि बाबांनी तीन रविवारांत जोडली. आम्ही ती विकत घेतली. लांबी ९५ मि.मी. भरली, म्हणजे बरोबर आहे. जाळीला ९ फटी आहेत. सीटच्या मागे दोन गोल खड्डे आहेत, ते दिसतात. लांबी भरली की जातात. पायरी ७ मध्ये चाके लावायला सांगितले आहे, पण मग खाली रंग देता येत नाही, म्हणून चाके शेवटी लावा. स्टीअरिंग कापताना मोडू शकते. काचेची चौकट खूप जाड आहे. मला तारा लावायला सगळ्यात जास्त आवडले. लहान मुलांनी आईबाबांबरोबर करावे."

या दहा ओळींत कोणालाही निर्णय घेता येईल एवढी माहिती आहे.

आता त्या शंकेकडे

लेकीने लिहिले की चौकट जाड आहे. तो मुद्दा जरा पुढे नेऊ. साच्यातून भाग सलग निघावा म्हणून प्लास्टिकचा पत्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ करणे कठीण जाते. आता अर्ध्याला ३५ ने गुणा. साडेसतरा मिलिमीटर! म्हणजे मॉडेलवर जीपचा पत्रा चिलखतासारखा जाड दिसतो. खऱ्या जीपचा पत्रा दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ होता. दारे नव्हती, छत कापडाचे. बंदुकीची साधी गोळीही त्या पत्र्यातून आरपार जाई. प्रमाण पाळणाऱ्या मॉडेलमध्ये नेमकी हीच एक गोष्ट खोटी असते, आणि परीक्षण करणाऱ्याने ती सांगायची असते.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरण भागात अब्दुल हमीद अशाच उघड्या जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले. पॅटनचे वजन पंचेचाळीस टनांच्या आसपास. त्यांनी अनेक रणगाडे निकामी केले आणि १० सप्टेंबरला ते स्वतः मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ही गोष्ट पुस्तकात वाचून मूल म्हणते, "वा, काय शूर!" ज्याने जीपची कड बोटाने चाचपली आहे ते मूल विचारते, "बाबा, मग त्यांना लपायला जागा कुठे होती?" जागा नव्हतीच. असे विचारणाऱ्या मुलाला युद्ध हा खेळ वाटणार नाही, असे मला वाटते. याच जीपवर लोखंडी कठडे लावून त्यावर जखमींचे स्ट्रेचरही नेत. तसे मॉडेलही करता येते.

तरीही एखाद्या घरी युद्धाची वाहने नकोत असे वाटले, तर आगबोट किंवा ट्रॅक्टर घ्या. साचा, सिमेंट आणि पट्टी तीच. आणि पुढच्या भारतभेटीत जमले तर अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. १९९४ पासून तिथे अनेक देशांचे खरे रणगाडे मांडलेले आहेत. त्यांच्या पोलादाची जाडी पाहा आणि मनातल्या मनात ३५ ने भागा.

सोडवून पाहा

१. विलीज जीपचे १/७२ मॉडेल किती मिलिमीटर लांब होईल?
२. तुमची स्वतःची उंची १/३५ प्रमाणात किती?
३. खरी जीप सुमारे ११०० किलोची. ३५ पट लहान जीप त्याच पोलादाची, हुबेहूब केली, तर तिचे वजन ११०० भागिले ३५ होईल का? नसेल, तर का नाही? (सूचना: लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी झाल्या आहेत.)

उत्तरे पुढच्या वर्गाला घेऊन या. अर्धवट मॉडेल असेल तर तेही आणा. मधल्या सुट्टीत पॉलिश पेपर आणि लांबी माझ्याकडे मिळेल.

— एक पालक