गुळव्याची पारख आणि तज्ज्ञाचा अंदाज

कोल्हापुरातील शिवाजी पेठ मागे टाकून फुलेवाडीच्या बाजूस निघाले की पुढे उसाचे मळे लागतात. हंगामात या भागातील गुऱ्हाळावर शेवटचा शब्द गुळव्याचा असतो. काहील केव्हा उतरावयाची, हे तोच ठरवितो. उशीर झाला तर गूळ काळसर पडतो. घाई झाली तर ढेप घट्ट बसत नाही व पावसाळ्यात पाघळते. एका आधणाची सारी किंमत या क्षणावर अवलंबून असते.

जाणता गुळव्या एकाच खुणेवर विसंबत नाही. तो फेसाचा रंग व बुडबुडे पाहतो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळून पाहतो, ऊस लागणीचा की खोडव्याचा, जमीन खारवट की कसदार, हेही विचारतो. त्याच वेळी पाकाचे उष्णतामान ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास आलेले असते. तापमापक वापरल्याने गुळव्याचा मान कमी होत नाही. शिवाय त्याची चूक काही तासांतच ढेपेवर दिसते, हा त्याचा मोठाच लाभ होय.

सर्वच तज्ज्ञांना अशी कसोटी लाभत नाही. अमेरिकेत मक्याच्या कणसांची पारख करणाऱ्या अनुभवी परीक्षकांचे गुण १९२३ साली हेन्री वॅलेस यांनी तपासले. परीक्षकांचे आपसांत बरेच जुळत असे व कणसाच्या लांबीस ते फार महत्त्व देत. परंतु त्या बियाण्यापासून आलेल्या उत्पन्नाशी त्यांच्या गुणांचा संबंध फारच थोडा होता. देखण्या कणसावर बक्षीस देणाऱ्या आपल्या प्रदर्शनांनीही हे ध्यानी घ्यावे.

फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांचे राजकीय व आर्थिक अंदाज नोंदवून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच थोरली कल्पना धरून सर्व घटना तीत बसविणारे तज्ज्ञ अधिक चुकले, विशेषतः दूरच्या काळाविषयी. अनेक बाजूंनी विचार करून मत बदलण्यास तयार असणाऱ्यांचे अंदाज त्या मानाने बरे ठरले. पदवी व अनुभव यांपेक्षा विचाराची ही रीत अधिक निर्णायक दिसली.

म्हणून गुळाच्या भावाचा किंवा उसाच्या उताऱ्याचा अंदाज कोणी सांगितल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने तारीख, आकडा व कारण वहीत लिहून घ्यावे. ‘कोणती गोष्ट घडल्यास आपण हे मत बदलाल?’ असे त्यास विचारावे, आणि सौदे झाल्यावर किंवा तोडणीनंतर मिळालेला आकडा शेजारच्या रकान्यात भरावा.